पीईटीमध्ये नॅनोक्ले घातली तर माल ठिसूळ का होतोय?

वितळबिंदू (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. गेले चार महिने पीईटीमध्ये (बाटल्या-धाग्यांचं पॉलिएस्टर) नॅनोक्ले (अतिपातळ पापुद्र्यांची माती) मिसळायचं काम करतोय. आता जिथे अडलोय तिथून एकट्याला पुढे जाता येत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मुळात ओढ लागली ती नायलॉनमुळे. टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात नायलॉन-६ मध्ये माँटमोरिलोनाइट मातीचे सुटे पापुद्रे बसवले गेले. वजनाने ५ टक्क्यांहूनही कमी माती, पण भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंशांवरून १५० च्या घरात गेलं आणि मोड्युलस (कडकपणा) जवळजवळ दुप्पट झाला. हे वाचल्यापासून पीईटीत असंच काही जमवायचं डोक्यात आहे. साध्या पीईटीचंही वाकण्याचं तापमान ७० च्या आसपासच असतं.

माझी कृती अशी. बाटलीच्या ग्रेडचे चिप्स, आयव्ही (साखळ्यांची लांबी दाखवणारा स्निग्धतेचा आकडा) ०.८०, १६० अंशांवर रात्रभर वाळवलेले. त्यात ३ टक्के ऑर्गॅनोक्ले, म्हणजे पॉलिमरशी जुळावी म्हणून क्वाटर्नरी अमोनियम हा सेंद्रिय क्षार लावलेली माती, तयार मिळते तीच. ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर (दोन स्क्रूंनी वितळवून मिसळणारं यंत्र), बॅरल २७५ अंश.

डायमधून (यंत्राच्या तोंडातून) स्ट्रँड, म्हणजे मालाची दोरी, बाहेर येतो तोच पिवळट तपकिरी. खोलीभर माशासारखा कुबट वास. वितळ नुसती ओघळते, ताण धरत नाही, आणि पाण्याच्या टबापर्यंत पोचायच्या आत स्ट्रँड दोनदा तुटतो. गार झालेला तुकडा बोटांत वाकवला की कडकन मोडतो. मोडलेल्या तोंडावर भिंगातून पांढुरके ठिपके दिसतात. क्ले ५ टक्क्यांवर नेली तर सगळंच आणखी बिघडलं. मोड्युलस थोडा वाढलाय हे खरं, पण ताकद पार गेली आहे.

पॉलिएस्टरला ही माती मानवतच नाही, की माझं कुठे चुकतंय?

कणाद

धागा काढलात हे बरं केलंत, कारण ही अडचण पीईटीत हात घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते. तुमच्या वर्णनावरून मला दिसतंय ते असं, की तुम्ही फिलर (भर घालायची पूड) घातला आणि त्याच वेळी पॉलिमर मोडला. पिवळा रंग, वास, ओघळणारी वितळ ही सगळी साखळ्या तुटल्याची लक्षणं आहेत. मातीने काय दिलं ते त्याखाली झाकलं गेलंय.

आधी पाण्याचं बघू. चिप्स रात्रभर वाळवलेत, उत्तम. क्ले वाळवली होती का? एस्टर बंधाला (पॉलिएस्टरच्या साखळीतला जोड) वितळलेल्या अवस्थेत पाणी लागलं की पाण्याचा एक रेणू एक बंध तोडतो. आता हिशोब करा. पीईटीचं सरासरी रेणुभार २५,००० धरलं तर १ ग्रॅममध्ये ४० मायक्रोमोल साखळ्या असतात. पिशवीतल्या क्लेमध्ये २ टक्के ओल धरा, ही काही फार नाही. ३ टक्के क्ले म्हणजे एकूण मालात ६०० पीपीएम (दहा लाखांत ६०० भाग) पाणी गेलं. १८ ने भागा, ग्रॅममागे ३३ मायक्रोमोल झालं. म्हणजे ४० साखळ्या होत्या, तिथे ७३ झाल्या. रेणुभार २५,००० वरून साडेतेरा हजारांवर आलं. थोडं पाणी व्हेंटमधून (यंत्राच्या वाफ सोडायच्या तोंडातून) उडून जाईल, सगळंच काही अभिक्रियेत पडणार नाही, पण चिप्ससाठी आपण ५० पीपीएमच्या खाली जायची धडपड करतो आणि क्लेच्या बरोबर त्याच्या बारापट पाणी आत सोडतो.

दुसरं म्हणजे क्लेवर लावलेलं क्वाटर्नरी अमोनियम. ऑर्गॅनोक्लेच्या वजनातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग या लांब शेपट्यांच्या क्षाराचाच असतो. तो २०० अंशांच्या आसपास तुटायला लागतो. पीईटी वितळतं २५० ते २६० ला आणि तुम्ही चालवताय २७५ ला. तुटताना अमाइन बाहेर पडतं, तुम्हाला आलेला वास त्याचाच. मागे मातीच्या पापुद्र्यावर आम्ल जागा उरते आणि ती पुढे एस्टरला त्रास देत राहते.

आता नायलॉनशी तुलना. तिथे मातीवर १२-अमिनोलॉरिक आम्ल लावलेलं होतं आणि ती माती कॅप्रोलॅक्टममध्ये फुगवून मग पॉलिमर बनवला गेला. त्या आम्लाच्या टोकापासूनच साखळी वाढली, म्हणजे पापुद्रा आणि नायलॉन जन्मापासूनच एकमेकांना बांधलेले. शिवाय नायलॉन-६ वितळतं २२० ला. तुम्ही तयार पीईटीत कोरडी पूड टाकताय. दोन्हीत माती तीच असली तरी काम पूर्ण वेगळं आहे.

वितळबिंदू

क्ले वाळवली नव्हती. पाकीट फोडलं आणि थेट साइड फीडरमध्ये. चिप्सच्या ड्रायरचा ड्यू पॉइंट (हवेतल्या ओलीचा आकडा) मात्र रोज तपासत होतो. ३३ मायक्रोमोलचा आकडा वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

सुमेधा_र

कणाद यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते, कारण ही चूक छापून आलेल्या निबंधांतही दिसते.

वितळबिंदू, तुम्ही तुलना कशाशी केलीत? मूळ चिप्सपासून थेट मोल्ड केलेल्या नमुन्याशी केली असेल तर ती बाद धरा. त्याच एक्स्ट्रूडरमधून, त्याच तापमानाला, त्याच आरपीएमला, फिलर न घालता पीईटी एकदा फिरवून काढा. तो तुमचा कंट्रोल. एक्स्ट्रूडरची एक फेरीच आयव्ही खाली आणते, ती घट मातीच्या खात्यावर टाकता येत नाही. उलटंही घडतं. साखळ्या लहान झाल्या की पीईटी लवकर स्फटिकतं, मोड्युलस वाढतो आणि माणूस म्हणतो नॅनो फिलरने वाढवला.

आणि आयव्ही काढताना वजनाची दुरुस्ती विसरू नका. अर्धा ग्रॅम नमुना घेतलात तर त्यातली माती पॉलिमर नाही. तेवढं वजन वजा करा. द्रावण सेंट्रिफ्यूज करून किंवा गाळून मगच व्हिस्कोमीटरमध्ये घ्या, नाहीतर तरंगणारे पापुद्रे स्वतःच स्निग्धता वाढवतात आणि आकडा खोटा चांगला दिसतो. विरघळवायला फिनॉल-टेट्राक्लोरोइथेनचं मिश्रण असेल तर सगळं काम फ्यूम हूडखाली. त्यात सवलत नको.

तंतू

मी धाग्याच्या कामातला, म्हणजे कापडाच्या. आमच्याकडे पॉलिएस्टरमध्ये बारीक अकार्बनी पूड घालणं हे काही नवं नाही. धाग्याची चकाकी मारण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड कित्येक दशकं घालतात, सेमी-डलला ०.३ टक्क्यांच्या आसपास, फुल-डलला २ टक्क्यांच्या आगेमागे. कण ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे, काटेकोर अर्थाने नॅनो नाहीत. पण गुठळ्यांविषयी जे काही शिकायचं ते इथे शिकायला मिळतं.

एक फिलामेंट घ्या, जाडी १२ मायक्रॉन. त्यात ४ मायक्रॉनची एक गुठळी आली तर तिने तिथे एक तृतीयांश जाडी खाल्ली. ओढताना धागा तिथेच तुटणार. म्हणून ही पूड कोरडी कधीच घालत नाहीत. इथिलीन ग्लायकॉलमध्ये (ज्यांपासून पॉलिएस्टर बनतं त्यांतला एक द्रव) तिची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, करायची, दळायची, मोठे कण सेंट्रिफ्यूजने काढून टाकायचे, गाळायची आणि मग पॉलिमर बनायच्या आधीच रिअॅक्टरमध्ये सोडायची. पातळ ग्लायकॉलमध्ये कण सुटा करणं सोपं जातं. घट्ट वितळीत कोरडी गुठळी फोडायला स्क्रूला जोर लावावा लागतो, तो जोर उष्णता होतो आणि साखळ्याच तोडतो.

तुम्हाला भिंगातून जे पांढुरके ठिपके दिसतायत, ते भिंगातून दिसतायत हेच वाईट लक्षण आहे. नॅनो कण भिंगाला दिसायलाच नको. दहा-वीस मायक्रॉनच्या गुठळ्या आहेत त्या, आणि तडा तिथूनच निघतोय.

नवी_पालवी

मी नुकतीच या विषयात आलेय. प्रश्न अगदी प्राथमिक असेल. ताकदच हवी तर काचेचे तंतू घातलेलं पीईटी मिळतंच ना? मग नॅनोच्या मागे का लागायचं?

कणाद

प्रश्न प्राथमिक आहे, पण हाच सगळ्यात आधी विचारायला हवा. नुसता कडकपणा आणि उष्णता सोसणं हवं असेल तर काच घाला. ३० टक्के काच घातलेलं पीईटी भाराखाली २०० अंशांच्या वरपर्यंत तग धरतं. कुठलीही नॅनोक्ले पीईटीला तिथे नेत नाही.

पण काचेचा तंतू दहा मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो. तो १५ मायक्रॉनच्या फिल्ममध्ये बसणार नाही, १२ मायक्रॉनच्या फिलामेंटमध्ये तर नाहीच नाही. फिल्म, धागा, पातळ भिंतीची वस्तू, जिथे पारदर्शकता हवी, वजन वाढायला नको किंवा वायू अडवायचाय, तिथे नॅनोची गरज लागते.

नॅनोचा मुद्दा आकारापेक्षा पृष्ठभागाचा आहे. १० मायक्रॉनच्या सिलिकाच्या गोळ्यांचा पृष्ठभाग ग्रॅममागे पाव चौरस मीटरच्या आसपास. तेच गोळे २० नॅनोमीटरचे केले की ग्रॅममागे १३५ चौरस मीटर. माँटमोरिलोनाइटचे पापुद्रे पूर्ण सुटले तर ७०० च्या वर. इतक्या पृष्ठभागाला चिकटून पॉलिमरचा मोठा हिस्सा उभा असतो, त्यामुळे २-३ टक्क्यांत फरक पडू शकतो. पण पृष्ठभाग चांगलं आणि वाईट दोन्ही वाढवतो. ओल त्याच पृष्ठभागावर बसते, आम्ल जागा तिथेच असतात आणि गुठळ्याही त्याच्याच ओढीने होतात. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे विसरून चालत नाही, कारण एस्टर बंध ओल आणि आम्लापुढे नाजूक आहे.

सुमेधा_र

वायू अडवण्याचा विषय निघालाच आहे तर त्याचा हिशोब मांडते, तो मला फार आवडतो. नील्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेलं साधं सूत्र आहे. आडवे पापुद्रे वाटेत असले की वायूच्या रेणूला वळसे घालत जावं लागतं, वाट नागमोडी होते. पापुद्र्याची लांबी भागिले जाडी, त्याचं अर्ध, गुणिले आकारमानातला हिस्सा, त्यात १ मिळवा. पॉलिमरचा उरलेला हिस्सा या संख्येने भागा.

पापुद्रे पूर्ण सुटे, लांबी जाडीच्या १०० पट, आकारमानाने २ टक्के. वजनाने हे ४ टक्क्यांच्या आसपास पडतं, कारण माती पीईटीच्या दुप्पट जड आहे. ५० गुणिले ०.०२ म्हणजे १, अधिक १ म्हणजे २. ०.९८ भागिले २, उत्तर ०.४९. वायूची गळती अर्ध्यावर आली.

आता तीच माती, तेवढीच, पण दहा-दहा पापुद्र्यांच्या गड्ड्या तशाच राहिल्या. लांबी जाडीच्या फक्त १० पट उरली. ५ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१. ०.९८ भागिले १.१, उत्तर ०.८९. जेमतेम अकरा टक्क्यांचा फायदा. टक्केवारी बदललेली नाही, फक्त गड्डी सुटली की नाही एवढाच फरक. आणि पापुद्रे फिल्मच्या पातळीत आडवे निजलेले आहेत असं सूत्र धरून चालतं. उभे-तिरपे असतील तर फायदा आणखी घटतो. फिल्म दोन्ही दिशांना ताणली की ते बरेचसे आडवे होतात, हा पीईटी फिल्मला मिळणारा मोठा लाभ आहे.

नवी_पालवी

हे समजलं! मग बाटल्यांत सर्रास का वापरत नाहीत?

तंतू

मला दिसतं ते कारण स्फटिकीकरणाचं. पीईटी मुळात हळू स्फटिकतं आणि बाटलीला तेच हवं असतं. प्रीफॉर्म (फुगवण्याआधीची बाटली) काचेसारखा स्वच्छ निघायला हवा, म्हणजे वितळ स्फटिक बनायच्या आत गोठायला हवी. नॅनो कण स्फटिकाचं बीज होतात. वितळ गार होताना जास्त तापमानालाच स्फटिक धरायला लागते आणि प्रीफॉर्मच्या जाड भागात धुकं येतं. शिवाय पुनर्वापराचा प्रवाह आहे, त्यात ही माती सगळीकडे पसरणार. म्हणून वायू अडवायचा तर बाटलीत मध्ये एमएक्सडी-६ नायलॉनचा पातळ थर देतात, किंवा आतून सिलिकाचा अतिपातळ लेप.

मोल्डिंगवाल्यांना मात्र हाच गुण हवा असतो. साधं पीईटी साच्यात गोठायला वेळ खातं, वस्तू बाहेर काढल्यावर वाकडी होते. तिथे बीज घातलं की चक्र छोटं होतं. त्यामुळे तुमची वस्तू कुठली, हे आधी ठरवा.

हरितकण

पीएलएबद्दल (पॉलिलॅक्टिक आम्ल) कोणी सांगेल का? तेही पॉलिएस्टरच. अतिनील किरण अडवायला नॅनो झिंक ऑक्साइड घालायचा विचार आहे.

कणाद

हरितकण, उघडं झिंक ऑक्साइड पीएलएत घालू नका. ते ३७५ नॅनोमीटरच्या खालचे किरण छान शोषतं, पण वितळीत पीएलएच्या साखळ्या उलगडणारा उत्प्रेरकही तेच आहे. एक-दोन टक्क्यांतच वितळ पाण्यासारखी पातळ होते. कणांवर सिलेनचा (सिलिकॉनचं एक संयुग) थर दिलेला प्रकार घ्या, त्याने हा हल्ला पुष्कळ आटोक्यात येतो. अॅनाटेज टायटॅनियम डायऑक्साइडचंही भान ठेवा. प्रकाशात ते स्वतःभोवतीचा पॉलिमर खातं, उन्हातल्या वस्तूला लेप दिलेलं रुटाइल (त्याचाच दुसरा स्फटिक प्रकार) बरं.

पीएलएत नुसता कडकपणा हवा असेल तर हॅलोसाइट बघा. तीही मातीच, पण गुंडाळी झालेली. बाहेरून ५० नॅनोमीटरच्या आसपास व्यासाच्या पोकळ नळ्या. पापुद्र्यांसारख्या एकमेकींना घट्ट धरून बसत नाहीत, त्यामुळे अमोनियमचा थर न देताही बऱ्यापैकी सुटतात. वाळवायच्या मात्र त्याही.

रेझिनवाले

आमचं काम अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टर रेझिनचं, म्हणजे घट्ट होणारं. फ्यूम्ड सिलिका आम्ही रोज वापरतो, १ ते २ टक्के. उभ्या भिंतीवर लावलेलं रेझिन ओघळत नाही, कारण कण हायड्रोजन बंधांनी एकमेकांचा हात धरून जाळं करतात. ब्रश फिरला की जाळं सुटतं, ब्रश थांबला की पुन्हा बसतं. इथे पूर्ण सुटे कण नको असतात, जाळंच हवं असतं, एवढं वेगळेपण नोंदवतो. आणि सगळ्यांना हात जोडून विनंती, पूड ओतताना मास्क घाला. धूळ दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आयएआरसीने (आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था) २बी गटात, म्हणजे कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत, टाकलेलं आहे.

वितळबिंदू

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण सांगितलेलं सगळं केलं.

आधी जुन्या नमुन्याचा एक्सआरडी (थरांतलं अंतर दाखवणारी क्ष-किरण चाचणी) काढला. मूळ क्लेचं शिखर २.८ अंशांवर होतं, म्हणजे थरांतलं अंतर ३.१ नॅनोमीटर. मिसळल्यावर तिथलं शिखर गेलेलं दिसलं आणि क्षणभर वाटलं की पापुद्रे सुटले.

सुमेधा_र

थांबा, ६ ते ७ अंशांच्या मध्ये काही दिसतंय का?

वितळबिंदू

हो. ६.३ वर एक बुटकं, पसरट शिखर आहे.

सुमेधा_र

त्याचं अंतर १.४ नॅनोमीटर येतं. म्हणजे थर सुटले नाहीत, मिटले. मधलं अमोनियम जळून गेलं आणि पापुद्रे पुन्हा एकमेकांवर बसले. आणि शिखर नुसतं नाहीसं झालं असतं तरी तेवढ्यावर विश्वास ठेवला नसता. माती थोडी असेल किंवा गड्ड्या वेड्यावाकड्या असतील तरी शिखर पुसट होतं. टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पातळ काप बघा. टीईएम हाताशी नसेल तर रिओमीटर (वितळीचा प्रवाह मोजणारं यंत्र) घ्या. कमी फ्रिक्वेन्सीला साठवण मोड्युलसची (वितळीच्या लवचीकपणाची) रेघ उताराला लागायच्या ऐवजी सपाट व्हायला लागली, तर पापुद्रे वितळभर पसरून एकमेकांना भिडलेत असं समजा.

वितळबिंदू

पटलं. आता नवी फेरी. या वेळी अमोनियमऐवजी इमिडाझोलियम लावलेली क्ले मिळवली, तिचा थर ३०० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून, गरम असतानाच बंद डब्यात भरली. आधी मास्टरबॅच (जास्त माती असलेला माल), मग पातळ करून २ टक्के. बॅरल २६५ वर आणलं, व्हेंटला व्हॅक्यूम जोडला. शेजारी सुमेधाताईंनी सांगितलेला कंट्रोल, त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर.

स्ट्रँड फिका दुधाळ निघाला. वास जवळजवळ नाही. टबातून पेलेटायझरपर्यंत एकदाही तुटला नाही, आणि तुकडा वाकवला तर वाकला, मोडला नाही. आयव्ही कंट्रोलपेक्षा थोडी कमी आहे, पण पहिल्या मालाशी तुलनाच नको. मोड्युलस कंट्रोलच्या वर आहे, मध्यम वाढ. तुटेपर्यंतचं ताणणं मात्र कंट्रोलपेक्षा कमीच, आणि भिंगातून अजून अधूनमधून एखादा ठिपका सापडतो. तंतू, तुमची ग्लायकॉलची वाट आता करून बघायची आहे. छोटा रिअॅक्टर दोन दिवसांसाठी मिळतोय. सुरुवात कुठून करू?

तंतू

छान काम केलंत. दोनच दिवस असतील तर पहिला अख्खा दिवस स्लरीला द्या.

अमोनियम न लावलेली सोडियम क्ले घ्या, ती पाण्यात आपोआप फुगते. गरम पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, तळाला बसलेली रेती टाकून द्या, फक्त वरचं घ्या. त्यात ग्लायकॉल मिसळा आणि व्हॅक्यूमखाली पाणी काढत जा. क्ले कोरडी कधीही होऊ द्यायची नाही. एकदा कोरडी पडली की पापुद्रे पुन्हा मिटले. घन भाग २-३ टक्क्यांच्या वर नेलात तर स्लरी जेलीसारखी धरते आणि पंपातून जात नाही, तेव्हा लोभ नको.

रिअॅक्टरमध्ये सोडायच्या आधी बारीक जाळीतून गाळा आणि जाळीवर काय उरतं ते तराजूवर मोजा. पॉलिमर बनताना ढवळण्याच्या मोटरचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) नेहमीपेक्षा लवकर चढेल. ते साखळी वाढल्यामुळे चढतंय की पापुद्र्यांच्या जाळ्यामुळे हे टॉर्कवरून कळत नाही, म्हणून नुसत्या टॉर्कवर बॅच थांबवू नका, मधे नमुना काढून आयव्ही बघा. शेवटी वितळ फिल्टरमधून जाताना दाब किती वेगाने चढतो तो आलेख जपून ठेवा. गुठळ्या आहेत की नाहीत हे सगळ्यात आधी तोच सांगतो. आलेख इथे टाका, जाळीवर उरलेल्या वजनासकट.